मूळ फितीवरचा आवाज

कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तो टेपरेकॉर्डरच्या हेडवरून फिरवला की त्यावर एक तपकिरी डाग उतरतो आणि खोलीभर वास पसरतो, निम्मा दवाखान्याचा, निम्मा गंजक्या लोखंडाचा. गेल्या आश्विनातल्या एका रविवारी सकाळी, कोपरला, शिरीषच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो वास मला कितीतरी वर्षांनी पुन्हा भेटला. खिडकीतून पांढरं, कोरडं ऊन थेट पलंगापर्यंत आलं होतं आणि खाली सोसायटीच्या फाटकाशी फुललेल्या सातविणीचा, डोक्यात चढणारा दर्प अधूनमधून स्पिरिटच्या वासात मिसळत होता. शिरीष, माझा कॉलेजातला मित्र, चष्मा कपाळावर चढवून हेड पुसत होता. समता खुर्चीच्या अगदी कडेला, फोन मांडीवर धरून बसली होती. आणि मी तावातावाने सांगत होतो की आता ऐका, आता कळेल कोणी काय कापलंय ते. तावातावाने बोलणं ही माझी जुनी खोड आहे. बायको म्हणते, तुमचं म्हणणं निम्म्या वेळा बरोबर असतं, पण आवाज नेहमीच बरोबर असल्याचा असतो.

उमेदीच्या वयात आम्ही ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे सात-आठ जण रॉकच्या नादाने पार खुळावलेले होतो. दुकानात मिळणाऱ्या कॅसेटींना आम्ही नाकं मुरडायचो. आम्हाला हवी असायची ती कुठल्याच कंपनीने बाजारात न आणलेली, प्रत्यक्ष कार्यक्रमात गर्दीत बसून कुणीतरी गुपचूप टिपलेली फीत, जिच्यात गिटारची तार मध्येच तुटते, गायक कडवं विसरतो आणि शेजारचा कुणी अनोळखी माणूस खोकतो. अशी फीत हाती आली की पहिला प्रश्न तिच्या कुळाचा. मूळ फितीला आम्ही ‘आजोबा’ म्हणायचो, तिच्यावरून उतरवलेल्या प्रतीला ‘बाप’, मग ‘मुलगा’, मग ‘नातू’. प्रत्येक पिढीत खरखर वाढत जायची, म्हणून उतरवून घेणाऱ्याने कॅसेटच्या कार्डावर आपलं नाव आणि गाव लिहायचं, असा आमचा दंडकच होता. गोत्र ठाऊक नसलेल्या कॅसेटला आमच्या पंगतीत पान नाही, असं आम्ही मोठ्या रुबाबात म्हणायचो आणि खो खो हसायचो. मिलिंद त्यावर हसायचा नाही, हे मला आत्ता, हे लिहिताना आठवतंय.

मिलिंद विठ्ठलवाडीचा. वडील शहाडच्या एका कारखान्यात, आई बालवाडीत मदतनीस, स्टेशनजवळच्या चाळीत दीड खोली. चौदा एप्रिलला वस्तीत गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा, त्यात लहानपणापासून गाऊन गाऊन त्याचा गळा असा तापून निघाला होता की आमच्यातल्या क्लासवाल्या पोरांनी त्याच्यापुढे मुकाट बसावं. त्याने तिघांना जमवून बँड काढला, ‘भोंगा’ नावाचा. वडिलांच्या कारखान्याचा भोंगा. गाणी मात्र परदेशी गायची, कारण कॉलेजांतून तीच मागितली जायची. इंग्रजी शब्द तो वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचा आणि ते उच्चार इतके घोटायचा की डोळे मिटून ऐकणाऱ्याला समोर कुणी गोरा साहेब उभा आहे असं वाटावं. पण गाणं संपलं की साहेब निघून जायचा. मग मिलिंद घाम पुसत, आपल्या साध्या, थोड्या घोगऱ्या मराठीत, पुढचं गाणं कशाबद्दल आहे, ते त्याला का आवडतं, ते ऐकून त्याला कारखान्यातली कुठली दुपार आठवते, असलं काहीबाही सांगत राहायचा. पोरं खिदळायची. आम्हीही.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ठाण्यात, एका कॉलेजच्या मैदानावर ‘भोंगा’चा कार्यक्रम झाला. तलावावरून गार वारं येत होतं, म्हणून मी माईकला हातरुमाल गुंडाळला होता. मामाने मस्कतहून आणलेला रेकॉर्डर, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, स्टेजपासून आठ फुटांवरची डावीकडची जागा, आवाजाची पातळी कितीवर ठेवली होती तो काटासुद्धा माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या बँडचं तेवढं एकच रेकॉर्डिंग झालं. दोन वर्षांनी मिलिंद काविळीने गेला. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. आम्ही चाळीत जाऊन आलो, दोनदा, फार तर तीनदा. मग कुणी गेलं नाही.

मूळ फीत मी मिलिंद जायच्या आधीच शिरीषला देऊन टाकली होती. त्याच्याकडे एका परदेशी बँडच्या कार्यक्रमाची ‘बाप’ फीत होती आणि तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता; आजोबा देऊन बाप घेतला, असा तो व्यवहार. त्या परदेशी फितीला कधीच बुरशी लागली. मिलिंदच्या फितीच्या प्रती मात्र शिरीषकडून हातोहात फिरत राहिल्या, आणि त्यांतली एक गेल्या वर्षी अचानक इंटरनेटवर अवतरली: खाली ‘ठाणे, दुर्मीळ रेकॉर्डिंग’, रेकॉर्ड करणाऱ्याच्या जागी कुणा भलत्याचंच नाव, आणि ‘गायक अज्ञात’. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती कशामुळे गेली, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘अज्ञात’मुळे नव्हे. मी तिथल्या तिथे लिहिलं की हे रेकॉर्डिंग माझं आहे, मी केलंय, अमुक रेकॉर्डरवर, अमुक जागी बसून. सात-आठ ओळी लिहिल्या. गायकाचं नाव शेवटच्या ओळीत, कंसात.

त्या कंसावरून समताने, मिलिंदच्या लेकीने, मला शोधलं. कल्याणच्या शाळेत शिक्षिका आहे, डोळे थेट बापाचे. पहिल्याच भेटीत, माझ्या घरी, चहा निवत ठेवून ती म्हणाली, “काका, बाबांची गाणी मी शंभर वेळा ऐकलेली आता. पण त्यात ते बोलतात कुठे? एक शब्द पण नाहीये.” मला आधी कळेना. मग तिने सांगितलं की गाणं तिने आजीला ऐकवलं, आजीने फोन कानाशी धरला, बराच वेळ धरला, आणि परत देत म्हणाली, “ह्यो माझा मिलिंद न्हाई. ह्यो कुनी साहेब गातोय.” घरात त्याचे चार फोटो आहेत, एक घड्याळ, ती देवनागरी वही. त्याचा बोलण्याचा आवाज कशावरच नाही. समताने तो ऐकलेला असणार, पण दीड वर्षाच्या पोरीला काय आठवणार! आजी पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे, कानांनी अजून शाबूत. “मला फक्त ते बोलताना ऐकायचंय,” समता म्हणाली. “काहीही बोलू देत.”

मी छातीठोकपणे सांगितलं की मूळ फितीवर असणारच. मिलिंद गाण्यांच्या मध्ये भरपूर बोलायचा, मी साक्षीला होतो. ते बोलणं नंतर उतरवून घेणाऱ्या दळभद्र्यांनी छाटलं असणार. आणि मग सरळ शिरीषकडे न जाता, छाटणारा पकडायचाच म्हणून, मी समताला बरोबर घेऊन त्या फितीचं कूळ धुंडाळत निघालो. ज्याने ती इंटरनेटवर चढवली तो ठाण्यातला नोकरदार गृहस्थ. त्याच्या कार्डावर ‘शहाड’ लिहिलेलं. मी त्याला गायकाचं नाव लिहायला न सांगता आधी माझं नाव घालायला लावलं, समताच्या देखत. तिने खिडकीबाहेर बघितलं. शहाडला, उल्हास नदीच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत, हेमंत भेटला, आमच्याच वेळचा, आता गुडघ्यांनी बेजार. त्याच्या कार्डावर ‘कोपर, शिरीष’. प्रत्येक ठिकाणी मी फीत लावून घ्यायचो, प्रत्येक ठिकाणी गाणं संपलं की ‘खट्’ असा बारीक आवाज आणि लगेच पुढचं गाणं, आणि मी म्हणायचो, बघ, ह्याने कापलं. हेमंतला तर मी त्याच्या घरात बसून फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणत राहिला, “अरे, माझ्याकडे आली तेव्हाच अशी होती रे.” माझा विश्वास बसला नाही.

तर कोपरची ती सकाळ. शिरीषने पेन्सिलीने फीत ताणून घेतली, कॅसेट आत सारली. कार्ड त्याने माझ्या हातात दिलं. निळ्या शाईतलं माझं त्या वेळचं टपोरं अक्षर: रेकॉर्डर कुठला, माईक कुठला, कुठून टिपलं, खाली माझं पूर्ण नाव, त्याला ऐटीत मारलेली रेघ. ‘भोंगा’ हा शब्द होता. मिलिंद हा शब्द नव्हता. मी कार्ड पालथं घातलं, मागे कोरं होतं. फीत सुरू झाली. खरखर जवळजवळ नाहीच, ठाण्याचं ते गार वारं रुमालावर आपटताना ऐकू येत होतं, आणि मग त्याचा गळा, असा समोर उभा राहिलेला, की शिरीषचे डोळे भरून आले. गाणं संपलं. टाळ्या सुरू होता होता, खट्. दुसरं गाणं. खट्. तिसरं.

मी शिरीषकडे संशयाने बघितलं असणार, कारण त्याने आवाज कमी केला आणि शांतपणे म्हणाला, “माझ्याकडे बघू नकोस. ही तुझीच फीत आहे. विसरलास? एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, हा बोलायला लागला की पॉझ दाबायचा, दोन गाणी जास्त बसतात. तूच शिकवलंस सगळ्यांना.” खरं होतं. अंगठ्याला त्या बटणाची खाच आठवली, त्याने सांगितल्याबरोबर आठवली. त्या युक्तीचा मला किती अभिमान होता! कार्यक्रमभर मी अंगठा तयार ठेवून बसलो होतो, की तो साहेबाचा मिलिंद झाला रे झाला की दाबायचा, आणि पुन्हा साहेब झाला की सोडायचा. दुसऱ्याच्या घरी जाऊन चोर शोधत होतो आणि मुद्देमाल माझ्याच खिशात. माणसाने निदान लाजावं, मी पहिल्यांदा काय केलं, तर म्हणालो, “तेव्हा सगळेच असं करायचे.”

शिरीषने बाजू उलटली. “ही सुरुवात मी कुणाला उतरवून दिलीच नाही, थेट गाण्यापासून द्यायचो,” तो म्हणाला. इथे, त्या संध्याकाळी कॅसेट उलटून घाईघाईने रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं दाबताना, गाणं सुरू झालंय असं मला वाटलं असावं; कारण गाणं नव्हतंच. मैदानाचा कोलाहल होता, एक शिट्टी होती, आणि मग थोडा घोगरा, थोडा धापा टाकणारा आवाज म्हणाला, “मंडळी, मी मिलिंद. विठ्ठलवाडीवरून आलोय. आता जे गाणं म्हणणारे ना, ते माझ्या—” आणि त्याच्यावर चढून, माईकला अगदी खेटून, त्या अख्ख्या फितीवरचा सगळ्यांत स्पष्ट असा एक तरणा, माजोरी आवाज: “झालं, सुरू झालं याचं भाषण!” खट्.

तो आवाज माझा. ‘भाषण’ हा शब्द मी कसा म्हटलाय, त्यात त्याची चाळ, त्याचा एप्रिल, सगळं कसं एका फटक्यात मोजून टाकलंय, ते मला उलगडून सांगायची गरज नाही. समताला तर नव्हतीच. तिने ते आठ-दहा सेकंद पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. प्रत्येक वेळी मी बोललो. शेवटी मला सहन होईना, मी म्हटलं, आता संगणकावर सगळं करता येतं, माझा आवाज काढून टाकून देतो, फक्त बाबांचा ठेवतो. ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. “नको काका. आता अजून काही कापू नका.” तिने फोन रेकॉर्डरजवळ धरला, एकदा वाजवून घेतलं, शिरीषला नमस्कार केला आणि निघाली.

इंटरनेटवर आता गायकाचं नाव आहे, पहिल्या ओळीत. माझं मी काढायला लावलं. त्याने काही फिटत नाही, हे मला कळतं. दोन दिवसांनी समताचा फोन आला. आजीला ऐकवलं, म्हणाली. “मी मिलिंद” एवढ्यावरच आजी ताडकन उठून बसली, पदर तोंडाशी धरला, आणि दहा-बारा वेळा तेच लावून घेतलं. माझा आवाज आला की दर वेळी हाताने हवेत काहीतरी झटकल्यासारखं करायची. मग समताने विचारलं, “काका, आजी एकच विचारतेय. ‘माझ्या’ म्हणून थांबला ना तो, मंग फुडं काय म्हनला? तुम्ही होतात ना तिथे?”

मी होतो तिथे. आठ फुटांवर, डावीकडे. माईक, रुमाल, वारं, काटा कुठे होता, सगळं मला आठवतंय, फक्त ते वाक्य सोडून. फोन कट झाला असं वाटून समता दोनदा “हॅलो” म्हणाली.