मोजलंय का लिहिलंय?

गागरे सर कोणताही शोधनिबंध शेवटून वाचायचे. लेखकांची नावं असलेलं पहिलं पान ते पालथं करून बाजूला ठेवत. मग तक्ते, मग आलेख, आणि जमलं तर मजकूर. "मजकूर कुणालाही चांगला लिहिता येतो, डॉक्टरबाई," म्हणायचे. "मला आधी तक्त्यांशी बोलू द्या."

ते डॉक्टर नव्हते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात पिकांच्या प्रयोगांची आकडेवारी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी फिजिशियन, नगरला माझं हॉस्पिटल. डॉक्टरांच्या एका देशपातळीवरच्या संघटनेनं आपल्या जर्नलचं संपादकपद माझ्याकडे दिलं, तेव्हा आकडे तपासणारं आमच्याकडे कुणी नव्हतंच. निबंध दोन तज्ज्ञांकडे जायचा, 'विषय महत्त्वाचा, छापावा' एवढं मत यायचं आणि आम्ही छापायचो. गागरे सर माझ्याकडे शुगरसाठी यायचे. एकदा बाहेर बसल्या बसल्या त्यांनी आमचा अंक चाळला आणि आत येऊन खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "पान बावीसवर टक्क्यांची बेरीज एकशे सहा होतेय. तुमच्यात कुणी बेरीज करत नाही का?"

मला राग आला. ते गेल्यावर बेरीज केली. एकशे सहाच होती. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक निबंध राहुरीला जाऊ लागला.

परत येताना त्याच्या समासात बारीक अक्षरात एकच प्रश्न ठिकठिकाणी असायचा: 'मोजलंय का लिहिलंय?' जिथे तो असेल तिथली मूळ नोंद लेखकाकडे मागायची, असा आमचा नियम झाला. एका लेखकानं चिडून कळवलं, 'शेतकी खात्यातला माणूस आता आम्हाला वैद्यक शिकवणार का?' सरांनी ते पत्र शांतपणे वाचलं. "वैद्यक न्हाई," म्हणाले, "बेरीज." एरवी ते शुद्ध बोलायचे, मनाला काही लागलं की बोली अशी गावाकडे वळायची.

मग प्रोफेसरांचा निबंध आला. हे माझे एम.डी.चे गाईड, मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचे विभागप्रमुख आणि आमच्या संपादक मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. आम्ही विद्यार्थी त्यांना नुसतं 'प्रोफेसर' म्हणायचो. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या रुग्णांना उतारा म्हणून जे इंजेक्शन देतात, ते निम्म्या प्रमाणात दिलं तरी पुरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या जिल्ह्यात कांद्यावर, द्राक्षांवर फवारणी करताना असे रुग्ण होतच असतात. हे छापून आलं की तालुक्यातालुक्यातले डॉक्टर ते वापरणार, हे मला माहीत होतं. संघटनेच्या अधिवेशनात त्या अंकाचं प्रकाशन व्हायचं होतं. छपाईला नऊ दिवस उरले होते.

निबंध राहुरीला पोचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर एसटीनं नगरला आले. अपॉइंटमेंट नव्हती. "माझं बीपी बघा," म्हणाले, "पण त्या पाऱ्याच्या यंत्रावर."

मी पाहिलं. एकशे अडतीस.

"आता मला एकशे सदतीस दाखवा."

"सदतीस कसं दाखवू? यावर दोन-दोनाच्या रेघा असतात."

"म्हणजे विषम आकडा येतच नाही?"

"नाही. खरं सांगायचं तर बरेच डॉक्टर शून्याचा आकडा जवळ दिसला की तिथेच थांबतात."

त्यांनी पिशवीतून प्रोफेसरांनी पाठवलेला रुग्णांचा तक्ता काढून टेबलावर पसरला. मजकुरात लिहिलं होतं, बीपीची सगळी मोजणी पाऱ्याच्या यंत्रावर केली. तक्त्यात मात्र एकशे एकवीस, सत्त्याण्णव, एकशे तेहतीस, एकोणनव्वद असे विषम आकडे जागोजाग. सम आणि विषम जवळजवळ सारखेच. "कुणीतरी बसून लई नीट पसरवलेत," सर म्हणाले. "डॉक्टरबाई, या तक्त्यातली माणसं आजारी पडलेलीच न्हाईत."

माझ्या हातात अजून बीपीचा पट्टा होता. तो गुंडाळायला मला बराच वेळ लागला.

मी प्रोफेसरांना फोन केला आणि दहा रुग्णांचे केसपेपर मागितले. आधी ते हसले. मग म्हणाले, "रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं होतं." आणि वर, "तुझा प्रबंध मी कसा पास करून घेतला ते विसरलीस का?" संध्याकाळपर्यंत मंडळातल्या तिघांचे फोन आले. प्रत्येकाचा सूर तोच: एका निवृत्त शेतकी मास्तरासाठी एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान करायचा का?

मी मधला रस्ता काढला. निबंध छापायचा, खाली एक ओळ टाकायची: 'या निष्कर्षांना अधिक अभ्यासाची गरज आहे.' सरांना समजावायला मी स्वतः राहुरीला गेले. ते अंगणात बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या पत्नीनं, सुलोचनाकाकूंनी, पाणी आणून दिलं आणि त्याही उंबऱ्यात बसल्या.

"मला हे आकडे ओळखू का येतात, माहितीय?" सर म्हणाले. "मीच लिहिलेत तसे."

काकूंनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं.

"नवीन नोकरी. बाजरीच्या नव्या वाणाचा प्रयोग. चाळीस वाफे. दर वाफ्यातली कणसं मोजायची, लांबी घ्यायची. पंधरा वाफे मोजले. ऊन मरणाचं. उरलेले पंचवीस बांधावर चिंचेखाली बसून लिवले. कुनाला कळलं न्हाई. वाण पास झाला, आमच्या गावात बियाणं आलं. वडलांनी दोन एकर पेरलं. कणसं भरलीच न्हाईत. वडील बांधावर उभे राहून मला म्हणाले, 'दत्तू, तू सवता मोजलं हुतंस ना?' मी व्हय म्हणलो."

"तेव्हा नुसती बाजरी गेली," ते म्हणाले. "इथं मानूस जाईल. आणि त्या वेळी कुनी विचारलं, तर तुमी काय म्हननार?"

परतीच्या वाटेवर मी गाडी दोनदा थांबवली. दुसऱ्या वेळी प्रोफेसरांना मेल लिहिला: मूळ नोंदी मिळेपर्यंत निबंध छापता येणार नाही. 'पाठवा'चं बटण दाबलं आणि मगच गाडी सुरू केली.

अधिवेशनात अंक त्या निबंधाविना निघाला. जेवणाच्या रांगेत प्रोफेसर माझ्यापुढे उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. वर्ष संपताच माझं संपादकपद गेलं. आणि तोच निबंध, तेच तक्ते, दुसऱ्या एका जर्नलमध्ये छापून आले.

तो अंक माझ्या हाती आला त्या दिवशी सर शुगर दाखवायला आले होते. मी त्यांना तो अंक दाखवत होते तेवढ्यात जामखेडहून फोन आला. माझ्या हॉस्पिटलमध्ये शिकून गेलेला एक तरुण डॉक्टर. "मॅडम, फवारणीचा पेशंट आहे, खर्ड्याकडचा, तोंडातून फेस येतोय. तो नवा पेपर वाचलाय मी. निम्म्यावर थांबू का?"

"नाही! पूर्ण दे. छाती मोकळी होईपर्यंत देत राहा. आणि ॲम्ब्युलन्स करून इकडे पाठव." मी जवळजवळ ओरडले. फोन ठेवला तर सर समोर तसेच ताठ बसलेले. "ह्यानं तुम्हाला इचारलं," ते म्हणाले. "ज्यांच्याकडं इचारायला कुनी न्हाई, त्यांचं काय?"

तो माणूस वाचला. आमच्याकडे सहा दिवस राहून चालत घरी गेला.

सरांनी त्या जर्नलला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, सोबत प्रत्येक रुग्णाच्या आकड्याचा हिशेब जोडला. 'आपले पत्र मिळाले' एवढं आलं. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक पत्र, शेवटचा परिच्छेद तोच: 'हे आकडे मोजलेले नाहीत. कृपया मूळ नोंदी मागवाव्यात.' आपल्या सहीखाली आता ते माझीही सही घेत. त्यांच्या किडन्या कमजोर होत चालल्या होत्या. डायलिसिसच्या पलंगावरूनही त्यांनी मला दोन पत्रं सांगून लिहायला लावली, मी एक शब्द मऊ केला की म्हणायचे, "आधीचाच घाला."

ते गेले तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. ते आलं त्यानंतर दोन महिन्यांनी. त्या जर्नलनं चार ओळी छापल्या: मूळ नोंदी उपलब्ध न झाल्यामुळे निबंध मागे घेण्यात येत आहे. सरांचं नाव कुठेही नव्हतं.

मी त्या पानाची प्रिंट घेऊन राहुरीला गेले. काकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी चार ओळी वाचून दाखवल्या आणि अर्थ सांगितला.

"म्हंजी आता त्ये निम्मं औषद कुनी देनार न्हाई?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "तसं नाही, काकू," मी म्हणाले. "ज्यांनी आधी वाचलंय, त्यांच्यापर्यंत हे पोचेलच असं नाही. मागे घेतल्याच्या ओळी फारसं कुणी वाचत नाही."

काकू शेंगा सोलायच्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, आपल्याला एवढं साधं समजतं ते हिला कसं समजत नाही, तशा.

"मंग त्यास्नी फोन करा की."

मी तिथेच ओट्यावर बसले, डॉक्टरांच्या संघटनेची यादी मोबाईलवर उघडली आणि पहिला नंबर लावला. काकूंनी सुपातल्या शेंगा बाजूला सरकवून मला नीट बसायला जागा केली.