शरावतीचा समुद्र

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी असलेल्या सरकारी शाळेत मी गणित शिकवतो. शहराबाहेर इतक्या दूर जाणाऱ्या बसमध्ये सकाळी ओळखीचेच चेहरे असतात. सहा आठवड्यांपूर्वी त्या बसचा कंडक्टर तिकीट न फाडताच माझ्यापाशी उभा राहिला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सर, आमचे मेष्ट्रु होदरू." मास्तर गेले. कोणते मास्तर, हे विचारण्याची गरज नव्हती. "मी शिंशा होतो, सर," एवढेच तो पुढे बोलला आणि मागच्या प्रवाशांकडे वळला.

मिशा आलेला माणूस स्वतःची ओळख नदीच्या नावाने का करून देतो, हे वाचकांना आधी सांगितले पाहिजे. वेंकोबराव मास्तर आमच्या जुन्या शाळेत भूगोल शिकवत, मी गणित. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी या मुलखात येऊन स्थिरावले होते. घरात मराठी, दारात कन्नड. मी त्यांना अण्णा म्हणत असे. पन्नास सालच्या सुमारास त्यांनी शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मुलांकडून जुन्या म्हैसूर राज्याचा उंचसखल, उठावाचा नकाशा करून घेतला. तळ्यातली चिकणमाती, विटांचे तुकडे, चुना आणि सुरखी, एवढेच साहित्य. मात्र उतार पाणसळ लावून तपासलेला. पश्चिमेच्या डोंगरावर तांब्याभर पाणी ओतले की ते तुंगेतून आणि भद्रेतून निघे, संगमावर एक होई आणि उत्तरेला जाई. कुठे थबकले तर अण्णा स्वतः बोट लावत नसत. मुलांना विचारत, "का थांबलं? शोधा." नकाशाभोवती विटांची रांग होती. एका विटेवर एक मूल, आणि त्या मुलाकडे एक नदी. ती नदी वर्षभर त्याने सांभाळायची, तिच्यातला पाचोळा काढायचा, तिच्या काठची गावे सांगायची. "तुमचे विठोबा उभे राहिले का विटेवर?" असे त्यांच्या पत्नी राधाक्का त्यांना चिडवत.

त्या नकाशाला दोन व्यंगे होती आणि ती अण्णांची नव्हती. कावेरीचा उगम तेव्हा आमच्या राज्यात नव्हता, म्हणून ती सीमेबाहेर ठेवलेल्या एका फुटक्या मडक्यातून येई. "मेष्ट्रे, ही कुठून येते?" असे मुलांनी विचारले की उत्तर ठरलेले, "शेजाऱ्याच्या घरून." शरावतीचे दुःख उलटे होते. जोगच्या कड्यावरून उडी घेतली की लगेच राज्य संपे. पुढे सीमेची वीट, आणि विटेपाशी पाण्याचे डबके. ज्या मुलाच्या वाट्याला शरावती येई ते हिरमुसे. अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "स्वल्प थांब. नदीला समुद्र मिळतोच."

छप्पन साली राज्य मोठे झाले. इतरांनी त्यात भाषा पाहिली, कोणी नोकऱ्या पाहिल्या. अण्णांनी नद्या पाहिल्या. त्या दिवसांत ते मला शिक्षकांच्या खोलीत ओढत घेऊन गेले आणि टेबलावर खडूने किनारा काढू लागले. "अरे, कावेरीचं माहेर आपल्याकडे आलं! कृष्णा आली, मलप्रभा आली. आणि शरावती... बघ, होन्नावरला थेट समुद्रात!" पन्नाशीला आलेला माणूस, पण खडू मोडला तरी उरलेल्या तुकड्याने किनारा ओढतच राहिला. नकाशा उत्तरेला आणि पश्चिमेला वाढवण्याची परवानगी त्यांनी मागितली. पैसे नकोत, मजूर नकोत. फक्त कोपरा द्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचा वेळ द्या.

जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी नुकतेच बदलले होते. ते तरुण होते, इस्त्रीचे होते, आणि जुन्या शिक्षकांना 'अडगळ' म्हणत असल्याचे आमच्या कानांवर आले होते. ते पाहणीला आले, नकाशाभोवती एक फेरी मारली आणि मुलांसमोरच म्हणाले, "मास्तर, ही सीमा आता चुकीची आहे. सरकारी शाळेत चुकीची माहिती ठेवता?"

"म्हणूनच वाढवतो म्हणालो, साहेब."

"भूगोल पुस्तकात असतो. मैदान कवायतीसाठी असतं."

"पुस्तकातला भूगोलही आधी मैदानातूनच पुस्तकात गेला आहे, साहेब."

हे संभाषण कन्नडमध्ये झाले. मराठीत आणताना मी त्यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही. मुले हसली. त्या हसण्याची किंमत किती असेल, याचा अंदाज मला त्याच क्षणी अधिकाऱ्यांच्या लाल झालेल्या कानशिलांकडे पाहून आला. आठवड्याच्या आत हुकूम आला की, नव्या राज्याच्या सोहळ्याच्या मंडपासाठी मैदान सपाट करावे. आम्ही दोघे-तिघे मुख्याध्यापकांकडे गेलो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माझ्या हातात काय आहे?" त्यांच्या हातात त्या वेळी कॉफीचा पेला होता.

हुकमात काम मुलांकडून श्रमदान म्हणून करून घ्यावे, असेही होते. ज्यांनी बांधले त्यांनीच मोडायचे. मला वाटले होते, अण्णा त्या दिवशी रजा घेतील. ते आले. मुले कुदळी घेऊन उभी होती. अण्णांनी नेहमीच्याच आवाजात सांगितले, "आपापल्या विटेवर उभे राहा. आधी फक्त डोंगर काढा. नद्यांना हात लावू नका." डोंगर निघाले. मग त्यांनी स्वतः तांब्या घेतला आणि सह्याद्री होता त्या जागी पाणी ओतले. ते कुठेच गेले नाही. जागच्या जागी पसरले, चिखल झाला. "पाहिलंत? नदी पाण्याने होत नाही, उताराने होते. सरी, ठीक. आता बाकीचं काढा." एवढे सांगून ते वर्गात जाऊन बसले. त्यांना वर्गात खुर्चीवर बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. नंतरची नोकरी त्यांनी त्याच खुर्चीवर, हातात क्रमिक पुस्तक धरून पूर्ण केली. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांच्याहून खूप कनिष्ठ शिक्षकाला मिळाली. मोडलेल्या नकाशाच्या बदल्यात खात्याने कापडी नकाशा द्यायचे कबूल केले होते. तो दोन वर्षांनी आला. उलगडून पाहिला तर त्यावर जुनीच सीमा! जोगच्या पुढे राज्य संपलेले. चुकीच्या माहितीचा तो सरकारी नकाशा कोणी मोडला नाही. तो भिंतीवर लागला.

पुढे माझी बदली झाली, अण्णा निवृत्त होऊन राजाजीनगरातल्या लहानशा घरात राहू लागले. मी कधीमधी जाई. ते पुढच्या खोलीतच बसवत, कॉफी देत आणि शाळेचा विषय निघाला की पंचांग उघडत.

शोकसभा त्याच जुन्या शाळेत झाली. अध्यक्षस्थानी तेच अधिकारी होते. खात्यातल्या मोठ्या पदापर्यंत पोहोचलेले, केस पिकलेले, आवाज मऊ झालेला. ते म्हणाले, "मैदानातल्या त्या अपूर्व नकाशाची कल्पना मी तेव्हाच उचलून धरली होती..." टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी राधाक्का बसल्या होत्या. त्या मराठीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अय्यो! मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही म्हणून बरं." ज्यांना मराठी कळत होती त्यांनी माना खाली घातल्या. अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी सहानुभूतीने हात जोडले.

गेल्या रविवारी मी राधाक्कांना भेटायला गेलो. दाराला आतून कडी होती, म्हणून बाजूच्या बोळातून परसात गेलो. त्या धुण्याच्या दगडावर भांडी विसळत होत्या. मला पाहून ओरडल्या, "तिथं पाय नको ठेवूस! धारवाड आहे ते."

मी खाली पाहिले. धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत अख्खे राज्य पसरले होते... नवे, पूर्ण. दगड म्हणजे सह्याद्री. कावेरी त्याच्या कुशीतूनच निघत होती, बाहेर मडके नव्हते. उत्तरेला कृष्णा, मलप्रभा. पश्चिमेला नारळाचे आळे होते आणि त्यात पाणी साठले होते.

"मला कधी दाखवलं नाही," मी म्हणालो.

"कुणालाच दाखवलं नाही. मला मात्र दहा वर्षं रागावत. राख इकडे नको टाकूस, तुंगभद्रा तुंबते!" त्यांनी पातेले उचलले, नेमके एका खाचेपाशी नेले आणि विसळलेले पाणी सोडले. ते उतरले, एका कड्यावरून बारीक धार होऊन पडले, आणि कुठेही न अडता आळ्यात गेले.

"शाळेतली मुलं आणू का पाहायला?" मी विचारले.

"आण की. ते असते तर आधी परवानगी मागितली असती."

मी नकाशाच्या कडेने चालू लागलो आणि थांबलो. भोवती विटांची रांग होती, मुलांची पावले मावतील एवढ्या अंतरावर लावलेली. वापराने विटेची कड झिजते, मध्ये खळगा पडतो. जुन्या मैदानातल्या विटांची तशी अवस्था मी पाहिली होती. या विटा कोऱ्या होत्या. त्यांच्यावर हिरवे शेवाळ धरले होते, आणि त्या शेवाळावर एकाही पावलाची खूण नव्हती.