तिसरी घंटा

आमच्या बेटावरच्या गावची घंटा म्हणजे नीरफणसाच्या फांदीला टांगलेला गॅसचा गंजका सिलिंडर. रोज सूर्य समुद्रात उतरला की आपेलूकाका त्यावर पहार हाणायचा. पहिली घंटा झाली की घरी यायचं, दुसरीला प्रार्थनेला बसायचं, तिसरीला उठून जेवायचं. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये रस्त्यावर कुत्रं फिरलेलं चालतं, माणूस नाही. कोणी दिसलाच तर काका सोटा घेऊन उभा. बावीस वर्षं त्याने हे काम केलं आणि त्याचा त्याला भलताच तोरा होता.

"अख्खं गाव देवापुढे बसवतो मी," तो छाती काढून सांगायचा.

"आणि स्वतः बाहेर," एतेवीसेमावशी म्हणायची. ती त्याची बायको, माझ्या आईची बहीण. तिच्या जिभेला हाड नाही.

मग त्यांची लेक लोसा कामासाठी ऑकलंडला निघाली. धक्क्यावर आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. निरोपाची प्रार्थना बापाने करायची. काकाने डोळे मिटले, "हे देवा" म्हणाला आणि थांबला. आम्हीही डोळे मिटून थांबलो. बोटीने भोंगा दिला तरी पुढचा शब्द येईना. "राहू दे, बाबा," लोसा म्हणाली. शेवटी मावशीनेच प्रार्थना केली.

ते 'राहू दे' काकाला फार लागलं.

"एते, मी हाक मारली गं," घरी आल्यावर तो म्हणाला, "पण समोर कोणी ओळखीचं वाटेचना."

"बावीस वर्षं दाराशी उभा राहिलास, आत कधी गेलास का? ओळख राहील कशी? बोलत जा त्याच्याशी."

"काय बोलू?"

"माझ्याशी बोलतोस तेच. गुडघा दुखतो, डुक्कर कुंपण मोडतं."

"देवाला डुकराचं सांगू?"

"मला सांगताना बरं चालतं!"

दुसऱ्या दिवसापासून दुसरी घंटा झाली की काका सोटा बाजूला ठेवून झाडाखाली बसू लागला. आमच्या घरातून तो दिसायचा, आणि प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवायची माझी खोड जुनी आहे. पहिले काही दिवस तो दवाखान्यात नंबर लावल्यासारखा अवघडून बसायचा. मग ओठ हलू लागले. मग हातवारे. एकदा तर चक्क हसला. मला इतकं बरं वाटलं की मी डोळा मिटून घेतला.

एका गुरुवारी लोसाचा फोन आला. तिथे करमत नाही म्हणून ती रडत होती. त्या संध्याकाळी दुसरी घंटा झाली, आमची प्रार्थना संपली, पण तिसरी होईना. आईने एक गाणं घेतलं, मग दुसरं. चौथ्या गाण्यापर्यंत जेवणासाठी केलेल्या अळूच्या पानांवरचं नारळाचं दूध थिजलं. घंटेशिवाय बाहेर पडणार कोण? गावप्रमुख तुइलोमाने हा नियम स्वतःच कडक केलेला, त्यामुळे तोही घरात अडकला. अखेर तो आतूनच ओरडला, "आपेलू! मेलास की काय?"

काका दचकून उठला आणि पहारीकडे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर त्याला उभं केलं.

"झोपला होतास?" तुइलोमाने विचारलं.

"नाही. बोलत होतो."

"कोणाशी?"

काकाने छपराकडे बोट केलं. एकजण फिसकन हसला. तुइलोमा हसला नाही. हसणाऱ्यावर डोळे वटारले आणि काकाला म्हणाला, "आजपासून घंटा दुसरा कोणी वाजवेल. तू घरी बस."

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं हा माणूस तिथे कोरडा उभा होता तेव्हा कोणी जाब विचारला नाही, आणि देवाशी बोलायला लागला तर काम काढून घेतलं! संध्याकाळी मी मुद्दाम मावशीकडे गेले. म्हटलं, काका खचला असेल.

दुसरी घंटा झाली तेव्हा तो दारातच घुटमळत होता. स्वतःच्या घरात प्रार्थनेला कुठे बसायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. मावशी चटईवर थोडी सरकली.

तो बसला. दुखरा गुडघा चोळला, डोळे मिटले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "मी आपेलू. काल त्या घंटेपायी लोसाचं अर्धवटच राहिलं बघ. कुठे होतो आपण?"