चाखून पाहण्यात काय जातं जी?

चहाचा कप हातात आला की नागपूरवाले आधी तळहातावर एक थेंब घ्यायचे, चाटून बघायचे आणि मगच कप ओठाला लावायचे. कात्रजच्या आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आहे, त्यावर हसलाही आहात. "चहाच आहे, विष नाही," असं मी एकदा म्हणालो होतो.

"चाखून पाहण्यात काय जातं जी?" ते म्हणाले.

नोकरीसाठी नागपूरहून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. आपण त्यांना 'नागपूरवाले' म्हणायचो. निम्मं आयुष्य पुण्यात काढूनही ते पुणेकर नाहीत, हे आपण त्यांना कधी विसरू दिलं नाही.

संघाचा लॅपटॉप आठवतो? कुणाच्या तरी आयटीतल्या मुलाने भंगारात देण्याऐवजी आपल्याला दिलेला. सुरू करून आंघोळ उरकून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. त्यातच आपण सभासदांच्या आठवणी त्यांच्या आवाजात साठवल्या होत्या. सांगणाऱ्यांपैकी काही जण तोवर गेलेही होते. नागपूरवाल्यांच्या पत्नी त्यांतल्याच.

उपाय त्यांनीच काढला. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी लॅपटॉप चालवणारी दुसरी यंत्रणा. नवशिक्यांनाही जमेल असं, पेनड्राइव्हवरून चालणारं. "बसवायचं नाही. आधी नुसतं चालवून पाहायचं. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप होता तसाच."

लॅपटॉप खरोखर पळू लागला. मी संघाचा सचिव. उत्साहाने सभेची सूचना त्यावर टाइप केली, जपून ठेवली, लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी सूचना गायब! पेनड्राइव्हवरून नुसतं चालवताना लिहिलेलं बंद केलं की जातं, हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर शोधत बसलो.

"चाखल्यानं पोट भरत नाही जी," ते म्हणाले. खोली हसली. मला ते लागलं.

सभेच्या दिवशी ते लवकर आले. "आज बसवूनच टाकू. पण आधी आवाजांची नक्कल काढतो. घरून हार्ड डिस्क आणतो. तोवर कशाला हात लावू नका, साहेब."

मी हात लावला. ते यायच्या आत काम करून दाखवावं, एवढंच डोक्यात होतं. पेनड्राइव्ह लावून 'बसवा' निवडलं. सगळं पुसलं जाईल, असा इशारा आला. मी तो वाचला. वाटलं, जुनी रखडणारी यंत्रणा पुसली जाईल. तेच तर हवंय! आवाजांना काय होणार? पुढे. पुढे. हो.

ते कापडी पिशवी घेऊन परतले तेव्हा पडद्यावर पट्टी भरत होती. त्यांचा हात वायरीकडे झेपावला आणि मध्येच थांबला.

"पुसायचं निवडलं काय?"

मी मान डोलावली. ते खुर्चीत बसले. पट्टी सरकत होती आणि आम्ही दोघे नुसते बघत होतो. बाहेर चपला काढल्याचे आवाज यायला लागले.

मग तुम्ही आत आलात. एकाने आपल्या गेलेल्या भावाचा आवाज लावायला सांगितला. आवाज नव्हता. कुणाचाच नव्हता.

"कुणी घातला हा गोंधळ?"

नागपूरवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

"पेनड्राइव्ह माझाच आहे," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पुढचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. मी ते बोललो नाही.

"चाखून बघा म्हणे! अहो, तुम्ही पातेलंच उलथलंत की," कुणीतरी म्हणालं. त्यावर मीही हसलो.

दुरुस्तीवाल्याने हात टेकले. नागपूरवाले पुन्हा संघात आले नाहीत, पुढे मुलीकडे नागपूरला गेले. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा आपल्यातलंच कुणी म्हणालं, "माणूस भला होता, पण आपले आवाज घालवले त्याने."

त्या दिवशी ते पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच ठेवून गेले. तो माझ्याकडे आहे. अधूनमधून मी तो घरच्या लॅपटॉपला लावतो, नुसतं चालवून पाहायचं निवडतो आणि टाइप करतो: 'आवाज मी पुसले.' बंद केलं की वाक्य जातं. इतकी वर्षं मला ही सोय पुरली. आज कागदावर लिहितो आहे. हे तसंच्या तसं संघाच्या अंकात छापा.

आणखी एक. त्यांच्या पत्नीचं बोलणं मीच ध्वनिमुद्रित केलं होतं. त्या पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा कसा करायचा ते सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मीठ बरोबर झालं की नाही, ते मला नाही कळत जी. मी यांच्या तळहातावर थेंब टाकते. हे चाखतात, मगच पानं वाढते."