बिनसाखरेचा चहा

चि. सई आणि चि. नील,

सईने ऑफिसात आपल्या आजाराचं नाव ‘मायग्रेन’ असं सांगितलंय, हे परवा फोनवर कळलं, म्हणून आजच लिहायला बसले. सई, तुझा आहे तोच आजार तुझ्या या आत्यालाही आहे, आणि मीही असंच खोटं बोलले होते. नील, बहिणीसाठी तूही वाच. घरात ही गोष्ट आता झाकायची नाही.

मी चोपन्न वर्षांची होते. द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला: अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा. कळ येते, रक्त पडतं आणि संडासला जायला दोन मिनिटंही थांबवत नाही. “हा मुळापासून जात नाही,” ते म्हणाले, “पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो.” कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याची, मला भीती वाटली नव्हती. मी शिकवत होते त्या आठवीच्या वर्गाची वाटली.

शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा. तीनदा मी तास अर्ध्यावर टाकून धावले. चौथ्यांदा वेळेत पोचले नाही. रिक्षाने घरी आले ती परत गेलेच नाही. राजीनामा पोस्टाने पाठवला.

सहा महिने घरात काढले. मग कामं शोधू लागले. मुलाखतीला गेलं की आधी संडास कुठे आहे ते पाहायचे. एका ठिकाणी तो खालच्या मजल्यावर, दुसरीकडे किल्ली वॉचमनकडे. अंबडच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवं होतं. तिथे टेबलापासून नऊ पावलं. मी मोजली.

ऑफिस शेख मॅडम सांभाळायच्या. तब्येतीचं काही आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “शुगर आहे.” शुगरची कोणाला लाज वाटत नाही, आणि वारंवार उठायलाही ते कारण पुरायचं.

त्या दिवसापासून माझा चहा बिनसाखरेचा. पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलाला वळसा घालून जायचा. अशी दोन वर्षं गेली.

मग ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. यादी मॅडमकडे गेली. माझी साखर नॉर्मल. त्यांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. वाटलं, नोकरी गेली.

मी खाली बघून सगळं सांगितलं, रक्तासकट.

“बाई, दोन वर्षं तो तसला चहा प्यायलात?”

“हो.”

“आणि ईदला शीरखुर्म्याची वाटी मी तुमच्यासमोरून उचलून नेली.” त्यांनी मला खुर्ची दाखवली. “माझ्या भावाला मूळव्याध आहे. जगाला कंबरदुखी सांगतो. तुम्ही खोटं बोललात त्याचा मला राग आहे. टेबल मात्र हलवणार नाही.”

सई, सगळ्यांना सांग असं मी म्हणत नाही. एकीला सांग, तुझी बसायची जागा जिच्या हातात आहे तिला.

माझा आजार गेलेला नाही. वर्षातून एखाद-दोनदा उसळतो. पिशवीत जादा कपडे असतातच, आणि बसमध्ये चढताना अजूनही छातीत धडधडतं. पण आठवड्यातून तीन दिवस मी अंबडला जाते. चहात साखर असते. टेबल तिथेच आहे, नऊ पावलांवर.