न विचारलेले नाव

आज मतदान करून परतताना बोटावरच्या शाईचा उग्र वास आला आणि पिंपरी पेंढारची एक सकाळ आठवली.

तरुणपणी शिक्षक असताना मी तेथे मतदारयादीसाठी घरोघर फिरलो होतो. परस्त्रीस नाव विचारणे अप्रशस्त वाटे, म्हणून एका घरी मी ‘बबनची आई’ एवढेच लिहिले. पुढे अशा नोंदी यादीतून वगळल्या गेल्या. मतदानादिवशी मी केंद्रावर कामाला होतो; ती माउली नवे लुगडे नेसून आली, आणि तिला परत जाण्यास सांगण्यात आले.

“गुरुजी, मला नाव व्हतं की! तुमी इचारलंच न्हाई.”

“आता सांगा,” मी खजील होऊन म्हणालो.

“आता काय बारसं करताय व्हय?”

रांग हसली. पहाटे विष्णूची सहस्र नामे म्हणून आलेला मी अधोवदन उभा राहिलो.