गोठ्यापाशी बसणारी

हे कोणाच्या हाती पडलंच, तर माझ्या चुका आणि वाकडं अक्षर पोटात घाला. माझी शाळा चौथीत सुटली.

समाजकार्य शिकणारी ती पोरगी कळमनुरीकडून घरभेटींसाठी आमच्या गावात यायची. तिचा वर्ग मोबाइलवर भरायचा आणि रेंज फक्त आमच्या शेळ्यांच्या गोठ्यापाशी मिळायची. ओढणीने दगड झटकून, पेन केसांत खोचून ती बसायची. एकदा तिचा रिचार्ज संपला, तेव्हा मी तीनशे रुपये दिले.

ती मान हलवत इतकं मन लावून ऐकायची, की कोणाला न सांगितलेलं मी तिला सांगितलं. नवरा मला सोडून गेला असं गाव म्हणतं. खरं तर रोजच्या माराला कंटाळून मीच त्याला बाहेर काढलं.

एका दुपारी मी शेळ्यांना पाला टाकत होते. ती वर्गात माझ्याबद्दल सांगत होती, "बाई निरक्षर आहे. नवऱ्याने टाकलेली. पूर्ण खचलेली."

वर्ग संपल्यावर मी कसंबसं विचारलं, "असं काहून सांगितलं, बाई?"

ती हसली. "मावशी, सरांना असंच लागते. अन् तुमचं नाव कुठं घेतलं? नाव गुप्तच ठेवतो आमी."

मीही तिचं नाव लिहीत नाही.

शेवटच्या घरभेटीला तिने तीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "मोजून घ्या, मावशी. आता तुमचं माझ्याकडं काहीच राहिलं न्हाई."

मी मोजले. पुरे तीनशे होते.